नोराडचा सांता ट्रॅकर : शंका विचारणाऱ्या वयाला कितपत पुरतो?

सांता ट्रॅकर म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी सांता कुठे पोचला हे नकाशावर दाखवणारं संकेतस्थळ. त्यावरची बहुतेक मतं चार-पाच वर्षांची मुलं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. त्या वयाला काहीही चालतं. नकाशावर गाडी सरकली, घंटा वाजल्या की मूल खूश. कस लागतो तो सात-आठ वर्षांच्या मुलापुढे. त्याला वर्गात कुणीतरी काहीबाही सांगितलेलं असतं, सांताच्या चिठ्ठीतलं अक्षर कुणाचं हे त्याला कळायला लागलेलं असतं, आणि तरी सांता त्याला सोडवत नसतो. हे परीक्षण त्या वयापुरतं आहे.

नोराड म्हणजे अमेरिका आणि कॅनडाची संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणा. वर्षभर उत्तर अमेरिकेचं आकाश राखणारी ही मंडळी २४ डिसेंबरला सांताचा माग काढतात. संकेतस्थळ १ डिसेंबरला उघडतं, पण तेव्हा तिथे खेळ, गाणी आणि उलटी मोजणी एवढंच असतं. ‘ट्रॅकर चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. माग सुरू होतो तो २४ तारखेच्या पहाटे, नोराडचं ठाणं जिथे आहे त्या अमेरिकेतल्या कोलोराडोच्या घड्याळाप्रमाणे. फोनची सोयही त्याच दिवशी, मध्यरात्रीपर्यंत : १-८७७-४४६-६७२३. अमेरिका आणि कॅनडातून कॉल मोफत. बाहेरच्या देशांतून असे मोफत क्रमांक सहसा लागत नाहीत, तेव्हा तिथल्यांनी संकेतस्थळावरच भागवावं. नेमक्या वेळा त्या-त्या वर्षी संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

नकाशाचं काम चोख आहे. सांता प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषेपाशी निघतो आणि पश्चिमेकडे सरकत जातो : आधी दक्षिण प्रशांतातली बेटं, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, मग जपान, आशिया, आफ्रिका, युरोप, शेवटी अटलांटिक ओलांडून दोन्ही अमेरिका. म्हणजे तो रात्रीच्या बरोबरीने प्रवास करतो. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात पृथ्वीगोल देऊन हा मार्ग बोटाने फिरवायला लावा. वेळेचे पट्टे त्याला अर्ध्या तासात समजतात. आमच्या मते या सेवेतला हा सगळ्यात टिकाऊ भाग, कारण विश्वास गेला तरी भूगोल शिल्लक राहतो.

पण हाच नकाशा शंकेला खतपाणी घालतो. कोपऱ्यात वाटलेल्या भेटींचा आकडा पळत असतो आणि तो अब्जांमध्ये जातो. भागाकार येणारं मूल इथे थांबतंच. नोराडच्या म्हणण्याप्रमाणे बहुतेक देशांत सांता रात्री नऊ ते मध्यरात्रीच्या दरम्यान पोचतो. घड्याळ सर्वांत पुढे असलेल्या किरिबातीतल्या नऊपासून हवाईतल्या मध्यरात्रीपर्यंत मोजलं तर हातात २७ तास येतात. आठ अब्ज भेटी धरल्या तर सेकंदाला सुमारे ८२ हजार. नोराडचं उत्तर असं की सांताला वेळ आपल्यासारखी जाणवत नाही. पाच वर्षांच्या मुलाला हे पुरतं, आठ वर्षांचं मूल भुवया उंचावतं. पालकांनी इथे वकिली करू नये. हिशेब त्याला पुरा करू द्यावा आणि आकडा बरोबर आला की ‘बरोबर आहे’ म्हणावं. चूक नसलेल्या गणितात चूक काढायला गेलात, तर मूल सांतावर रागावत नाही, तुमच्यावर रागावतं.

उपकरणांचा भाग मात्र या वयाला फार आवडतो. उत्तरेकडच्या ४७ रडारांची साखळी, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह, सोबतीला लढाऊ विमानं. हे सगळं खरोखर अस्तित्वात आहे. क्षेपणास्त्र सुटताना निघणारी उष्णता हे उपग्रह टिपतात, म्हणून सांताची गाडी ओढणाऱ्या रुडॉल्फ या रेनडियरच्या लाल नाकाची उष्णताही टिपतात, असं नोराड सांगतं. खरं कुठे संपतं आणि गंमत कुठे सुरू होते, हा सांधा शोधणं हाच मोठ्या मुलासाठी खेळ होतो. सांताची उंची ५ फूट ७ इंच आणि वजन २६० पौंड, तेही बिस्किटं खाण्याआधीचं, अशी नोंदसुद्धा त्यांनी ठेवली आहे. ती वाचून हसलेलं मूल विश्वासाच्या अर्धं पलीकडे पोचलंय असं समजावं.

फोन ही या सेवेची खरी जमेची बाजू. कोलोराडो स्प्रिंग्जच्या पीटरसन तळावर शेकडो स्वयंसेवक पाळीपाळीने बसतात आणि पलीकडे खरं माणूस बोलतं. अमेरिकेतल्या संध्याकाळी झुंबड उडते. माणूस मोकळं नसेल तर सांता आत्ता कुठे आहे हे सांगणारा ध्वनिमुद्रित निरोप ऐकू येतो आणि मूल हिरमुसतं. त्यामुळे दिवसाउजेडी लावावा. प्रश्न आधी कागदावर लिहून घ्यावा, कारण पलीकडून आवाज आला की बोलकी मुलंही गप्प होतात. ‘मला अमुक मिळेल का?’ हा प्रश्न नको, त्याचं वचन तिथला माणूस देऊ शकत नाही. ‘आत्ता कुठे आहे?’ याला चटकन उत्तर मिळतं. आमच्याकडे कधी येणार, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे : मुलं झोपल्याशिवाय तो येत नाही. पालकांना हे उत्तर भलतंच सोयीचं.

‘सांता खरा आहे का?’ यालाही नोराडकडे लेखी उत्तर आहे. इतक्या वर्षांच्या नोंदी पाहता सांता जगभरच्या लोकांच्या मनात जिवंत आहे, असं ते म्हणतात. उत्तर हुशार आहे. लहान मूल त्यात ‘हो’ ऐकतं, मोठं मूल ‘मनात’ हा शब्द नेमका पकडतो. खोटं न बोलता दोघांना पुरेल असं वाक्य इतर सेवांकडे क्वचितच सापडतं.

बिघडतं कुठे? पहिली गोष्ट, दोन ट्रॅकर एकाच वेळी उघडू नका. गूगलचा स्वतःचा सांता ट्रॅकर २००४पासून आहे. मधली काही वर्षं तो नोराडबरोबर होता, २०१२पासून दोघांचे रस्ते वेगळे झाले. एकावर सांता एका देशात, दुसऱ्यावर दुसऱ्याच, भेटींचे आकडेही निराळे. शंकेखोर मुलाला याहून मोठा पुरावा लागत नाही. दुसरी गोष्ट घरातच असते : ज्या टॅबवर भेट मागवली त्याच टॅबवर ट्रॅकर लावला, तर कडेच्या जाहिरातीत तेच खेळणं झळकतं. वेगळं उपकरण घ्या, नाहीतर निदान खरेदीच्या खात्यातून बाहेर पडा.

कॅनडा पोस्टची पत्रसेवा याच वयासाठी तुल्यबळ आहे. पत्ता : सांता क्लॉज, नॉर्थ पोल, एच०एच ०एच०, कॅनडा. देशांतर्गत तिकीट लागत नाही, परदेशातून लागतं. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता लिहिला नाही तर उत्तर येत नाही, आणि डिसेंबरच्या सुरुवातीची मुदत चुकली तरी तेच. अक्षर घरातलं नसतं ही मोठी सोय. अडचण साच्याची : छापील मजकूर सगळ्यांना तोच, शेवटी हाताने लिहिलेली एखादी ओळ काय ती वेगळी. दोन मित्रांनी पत्रं शेजारी ठेवली की गुपित फुटलं.

पैसे घेऊन सांताचे व्हिडिओ बनवून देणाऱ्या ॲपांची शिफारस करवत नाही. मुलाचं नाव यंत्राच्या सुरात उच्चारलं जातं, आणि ‘खोडकरांच्या यादी’चा धाक घालणारे तर नकोतच.

आता मुलाचा विश्वास किती काळ टिकतो, त्याबद्दल. अँडरसन आणि प्रेंटिस या मानसशास्त्रज्ञांच्या १९९४च्या अभ्यासात मुलांना सांताचं सत्य साधारण सातव्या वर्षी, बहुधा आपलं आपणच कळलेलं दिसलं. मुलांच्या प्रतिक्रिया बहुतांशी चांगल्या होत्या, उदास होते ते पालक. मानसशास्त्रज्ञ कॅन्डिस मिल्स यांच्या अलीकडच्या कामात काही मुलांना वाईट वाटल्याचं दिसतं, पण ते बहुधा थोडा काळ. अचानक कळलं, उशिरा कळलं किंवा पालकांनी सांताचा फार गाजावाजा केला असेल तिथे त्रास जास्त. म्हणून ट्रॅकर पुरावा म्हणून वापरू नये. ‘बघ, सैन्यसुद्धा सांगतंय’ हे वाक्य टाळाच. पहिल्यांदा विचारलं तर ‘तुला काय वाटतं?’ असं विचारून ऐकून घ्यावं. मूल सरळ डोळ्यांत बघून ‘खरं सांग’ म्हणालं, तर त्याच वेळी खरं सांगावं. २४ तारखेची वाट पाहू नये.

त्यानंतर सेवा बंद करायची गरज नाही, काम बदलावं. घरात धाकटं भावंड असेल तर नकाशा चालवायचं, फोन लावून द्यायचं काम मोठ्याकडे द्यावं. बहुतेक मुलं गुपित राखण्याची जबाबदारी फार मनावर घेतात. धाकटं नसेल तर १९५५ची गोष्ट काढावी. त्या डिसेंबरात सिअर्स दुकानाची ‘सांताला फोन करा’ अशी जाहिरात होती आणि एका मुलाचा फोन नोराडच्या आधीच्या यंत्रणेत, कर्नल हॅरी शूप यांच्याकडे लागला. एक बाजू म्हणते क्रमांक चुकीचा छापला होता, दुसरी म्हणते मुलानेच आकडे चुकवले. नोराड स्वतः छपाईच्या चुकीची गोष्ट सांगत आलं आहे. दोन्ही बाजू मुलापुढे ठेवा आणि कोणती पटते, का पटते ते विचारा. ज्या डोक्याने सांताचा हिशेब केला, त्याला हे काम आवडतं.