पैसे हातात पडायच्या आधी "सगळे मिळाले" वर सही करू नका (बडोदा, माझे ४,६०,००० अडकलेत)

लिहायला लाज वाटतेय. ५१ वर्षांचा माणूस, १४ वर्षं मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एकाच कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर, आणि एका पावतीवर सही करून बसलो. कंपनीचं नाव टाकत नाही, प्रकरण चालू आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये आमची लाइन बंद केली आणि एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. मला म्हणाले ६,५०,००० देतो, १,५०,००० सुटायच्या दिवशी, २,५०,००० तीन महिन्यांनी, २,५०,००० सहा महिन्यांनी, रीतसर नोटरी अ‍ॅग्रीमेंट करू. ऐकायला बरं वाटलं. पण त्यात २,१०,००० तर माझी ग्रॅच्युइटीच होती, म्हणजे नोकरी सुटताना जितकी वर्षं केली त्याप्रमाणे मिळणारी रक्कम (बेसिक-डीए, म्हणजे महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, २६,०००, भागिले २६, गुणिले १५, गुणिले १४ वर्षं), म्हणजे कायद्याने जे मिळायचंच होतं ते मेहरबानी म्हणून दाखवून आकडा फुगवला. आधी आपली ग्रॅच्युइटी स्वतः काढा, मग कंपनी खरंच वर किती देतेय ते बघा.

टेबलावर तीन कागद होते. अ‍ॅग्रीमेंट, "वैयक्तिक कारणाने" राजीनामा, आणि फुल अँड फायनलची पावती. पावतीत लिहिलेलं, माझे हिशेबाचे सर्व पैसे मिळाले, काही बाकी नाही. मी ती वाचली, न वाचता सही केली असं कोणी म्हणू नका. विचारलंसुद्धा, की पैसे तर हप्त्याने येणार, मग आत्ताच मिळाले कसं लिहू? तर एचआरवाला म्हणाला, "काका, तारीख कोरी ठेवलीय ना, शेवटचा हप्ता दिला की टाकू, ऑडिटला लागते, आपण दांडिया बझारचीच माणसं, तुम्हाला फसवीन का?" दांडिया बझार म्हणजे बडोद्यातली आमची मराठी वस्ती. नऊ वर्षांत हा माणूस माझ्याशी गुजरातीशिवाय बोलला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा मराठी! रात्री झोपताना अजून तेच वाक्य कानात येतं. कोरी तारीख समोर दिसत होती, मराठी अचानक ऐकू येत होतं, आणि मी आपला माणूस म्हणून पेन उचललं.

त्या आठवड्यात पोरीची ७२,००० फी भरायची होती, आणि सही नाही केली तर इन्क्वायरी लावून काढू असं आदल्या दिवशीच सुनावलेलं. माझ्या जागी कोणीही केली असती. ई-स्टॅम्पचे ३०० रुपयेपण माझ्याकडूनच घेतले. अ‍ॅग्रीमेंटचं ओरिजिनल "मोठ्या साहेबांची सही झाली की देतो" म्हणून ठेवून घेतलं, घरी हिने विचारलं कॉपी कुठाय, तर मी हिच्यावरच ओरडलो. नशीब पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढले होते, पण त्यावर फक्त माझी सही आहे.

पहिला चेक पास झाला. नोव्हेंबरचा हप्ता दिवाळीनंतर, मग नाताळनंतर, जानेवारीत ४०,००० आले आणि नंतर फोन उचलणंच बंद. मार्चमध्ये गेटवरून आत सोडलं नाही. नोटीस पाठवली (वकिलाचे ६,५००), उत्तरात पावतीची झेरॉक्स, कोऱ्या जागी १५ फेब्रुवारी २०२४, आणि म्हणे बाकीचे कॅश दिले. ४,६०,००० कॅश! कोणी दिले, कुठे दिले, व्हाउचर दाखवा म्हटलं तर गप्प.

लेबर ऑफिसला पहिल्यांदा गेलो तर तुम्ही सुपरवायझर, पगार १०,००० च्या वर, तुम्ही वर्कमनच (कायद्याने कामगार) नाही. दुसऱ्यांदा गेलो तर तुम्ही राजीनामा दिलाय, कंपनीने कुठे काढलं. मी म्हटलं साहेब, त्याच दिवशी त्याच टेबलावर अ‍ॅग्रीमेंट आहे, तारीख तर बघा, तर म्हणे ओरिजिनल आणा. ओरिजिनल ज्याने फसवलं त्याच्याकडे आहे, ते मी कुठून आणू? पोलिस स्टेशनात दीड तास बसवून "सिव्हिल मॅटर छे, कोर्टमां जाओ". चौथ्या फेरीत एका क्लार्कने सहज सांगितलं की ग्रॅच्युइटीला सुपरवायझर असलात तरी चालतं, राजीनामा दिला तरी चालतं, ५ वर्षं झाली की हक्कच, फॉर्म एन भरा. हे पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं? सात महिने गेले माझे त्यात. आता त्या अर्जावर सुनावणीच्या चार तारखा झाल्या, त्यातल्या तीनला कंपनीचा माणूस आलाच नाही, आणि विचारलं तर "नेक्स्ट डेट" एवढंच उत्तर.

ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते, तुम्ही अर्ज केला नसला तरी, आणि उशिराला १० टक्के साधं व्याज लागतं, ते मागा, माझ्या अर्जात आधी राहिलंच होतं. राजीनाम्यात वैयक्तिक कारण लिहू नका, "दिनांक अमुकच्या अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे" असं लिहा. पावतीवर जेवढे मिळाले तेवढाच आकडा आणि तारीख आपल्या हाताने. हप्त्यांचे पुढच्या तारखेचे चेक त्याच दिवशी घ्या, मी तोंडी शब्दावर राहिलो. चेक बाऊन्स झाला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी, हे वकिलाने मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे चेकच नव्हता. पासबुक भरून ठेवा, कॅश दिली म्हणणाऱ्यापुढे तेच एक आहे माझ्याकडे.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. त्याच कंपनीत आणखी चौघांपुढे तेच तीन कागद ठेवलेत असं परवा कळलं. तिघांनी सही केलीय. चौथ्याला सोमवारी अकराला बोलावलंय, त्याचा नंबर माझ्याकडे नाही, मकरपुऱ्यात कोणाच्या ओळखीत असेल तर आजच त्याला हे दाखवा.