कॉलेजच्या टेक्नॉलॉजी ट्रान्सफर सेलकडून लायसन्स घेतलं, रबाळे एमआयडीसीतल्या छोट्या युनिटचा अनुभव

रेटिंग ५ पैकी साडेतीन. कॉलेज नवी मुंबईतलंच आहे पण नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथली माणसं मनापासून काम करतात. आपल्या पट्ट्यातल्या कुठल्याही अशा सेलकडे (म्हणजे कॉलेजमधलं संशोधन कारखान्यांना वापरायला देणारा विभाग) जाणार असाल तर हे वाचून जा.

आमचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे पार्ट कापून द्यायचं, जॉबवर्कचं शॉप आहे. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांना वेगळं सांगायला नको, मशीनच्या सरकत्या भागांचं (स्लाइडवेचं) ऑइल कूलंटवर, म्हणजे कापताना थंड ठेवणाऱ्या पाणीदार द्रवावर, तरंगायला लागलं की एका सुट्टीत टाकीला वास सुटतो, ऑपरेटरच्या हाताला खाज सुटते आणि शेवटी अख्खं कूलंट बदलावं लागतं. या कॉलेजच्या लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या एका मुलीने स्टीलच्या जाळीवर असं कोटिंग बसवलं होतं की पाणी खाली जातं आणि तेल वरच अडतं. आम्हाला ते बनवून विकायचं होतं, म्हणून सेलकडे गेलो.

आधी चांगलं सांगतो. सेलचे मॅनेजर स्वतः कंपनीत काम करून आलेले आहेत, त्यांनी आम्हाला प्रेझेंटेशन दाखवत बसवलं नाही, सरळ शॉपवर आले. लॅबमध्ये जाळी झकास चालत होती पण तिथे स्वच्छ पाणी आणि डिझेल होतं, आमच्या टाकीत धातूचे बारीक कण, ग्राइंडिंगची धूळ, सगळंच, त्यामुळे जाळी लगेच चोक झाली. मग ती मुलगी आणि दोन बीईची पोरं आमच्याकडे येऊन बसायला लागली, घाण कूलंट कॅनमध्ये भरून लॅबला न्यायची, पुढे मॅग्नेटिक फिल्टर लावला, जाळीची फ्रेम अशी केली की ऑपरेटर स्वतः काढून धुवू शकतो, आणि ती फ्रेम आमच्याच मशीनवर बनली. माझ्या मते या सेवेची खरी किंमत इथे आहे. टेक्नॉलॉजी किती तयार झालीये ते मोजायची ९ पायऱ्यांची टीआरएल नावाची पट्टी आहे, मूळची नासाची, कॉलेजचं काम तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबतं आणि कारखानदाराला आठवी-नववी लागते, मधल्या पायऱ्यांना ना ग्रँट मिळते ना बँक उभं करते. इथे त्या मधल्या पायऱ्या कोणीतरी आमच्याबरोबर चढलं, याचे पूर्ण मार्क.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. अॅग्रीमेंट. पहिल्या ड्राफ्टमध्ये मोठ्या कंपनीकडे मागावी तेवढी रक्कम एकदम आधी मागितली होती, वर ट्रायल घ्यायचा हक्क सही केल्यानंतर. आमच्यासारख्याने काय करायचं? शेवटी आधी थोडे पैसे, बाकी विक्रीवर रॉयल्टी, आणि ट्रायल पास झाली तरच करार लागू, असं ठरलं, पण तोपर्यंत फाइल कॉलेजच्या ट्रस्टच्या ऑफिसला जाऊन परत येऊन कित्येक महिने गेले, कारण पेटंटवर हक्क मुलीचा, गाइडचा का कॉलेजचा हेच आधी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. अमेरिकेत सरकारी पैशातल्या संशोधनासाठी हे १९८० च्या बे-डोल कायद्याने ठरवून टाकलं, आपल्याकडे तसं विधेयक २००८ ला राज्यसभेत आलं आणि २०१४ ला मागे घेतलं गेलं, त्यामुळे प्रत्येक संस्थेचे आपापले नियम. मग निदान ते नियम छापून पहिल्याच दिवशी हातात द्या ना.

दुसरी गोष्ट, ‘आमचं पेटंट आहे’ म्हटलं की अॅप्लिकेशन नंबर मागा. साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, त्याचा अर्थ पेटंट मिळालं असा नाही. तपासणीची विनंती वेळेत भरली नाही तर अर्ज मागे घेतल्यासारखाच धरतात (आता मुदत ३१ महिने आहे, आधी ४८ होती). आम्हाला आवडलेल्या आणखी एका कामाचं नेमकं हेच झालं होतं, अर्ज मेला होता आणि सेलला पत्ताच नव्हता. पेटंट ऑफिसच्या साइटवर हे फुकट बघता येतं. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीमध्ये ८० टक्के सूट आहे, म्हणून पैसे नव्हते हे कारण मला पटत नाही.

सेलची को-वर्किंगची जागा, एसी, वायफाय, सगळं ठीक.

मला हे एवढं लागतं कारण आपल्याकडे खरंच सगळं आहे. एमआयडीसीची सुरुवात १९६२ ला आपल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाली. आयआयटी मुंबईच्या पोरांची आयडियाफोर्ज महापेत ड्रोन बनवते. आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या कामातून निघालेली नेक्सकार१९ ही कॅन्सरवरची कार-टी थेरपी (पेशंटच्याच रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सरशी लढवायचा उपचार), तिचा पहिला पेशंट २०२१ ला टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अॅक्ट्रेक केंद्रात, २०२३ ला मंजुरी, आणि किंमत परदेशातल्या उपचाराच्या कितीतरी खाली. पण ती मोठी नावं आहेत, त्यांच्यामागे मोठ्या संस्था उभ्या होत्या. साध्या इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब आणि रबाळ्यातला गाळा यांच्यात रिक्षाने जायचं अंतर आहे आणि तरी ती पोरं प्रोजेक्ट झाला की ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये जॉइन होतात, हे बघवत नाही. आमच्या प्रोजेक्टमधल्या दोघांपैकी एक जण आमच्याकडे लागलाय, पगार आयटीएवढा नाही देऊ शकत, पण रॉयल्टीत त्याचा वाटा आहे आणि तो आम्ही करारात लिहून घेतला.

जाणार असाल तर परीक्षेचा सीझन टाळा, लॅब बंद असतात. आपल्या शॉपमधलं खरं सॅम्पल बरोबर न्या आणि डेमो त्याच्यावरच मागा. आणि प्रोफेसरांना आधी विचारा की हे कुठल्या कॉन्फरन्समध्ये दाखवलंय का, दाखवलं असेल तर पेटंटच्या अर्जाची तारीख त्याच्या आधीची आहे ना ते बघूनच पुढचं बोला, कारण आधीच जगासमोर आलेल्या गोष्टीचं पेटंट अडू शकतं.