४५५ स्टीलच्या सुया, सात महिन्यांनंतर

जखमेला टाके घालायच्या सुया कुठल्या स्टीलच्या असतात याकडे माझं कधी लक्षच नव्हतं, सुई ती सुई. आधी कायम ४२० नंबरच्या स्टेनलेस स्टीलच्या वापरायचे. मग एकदा पाठीवरच्या जुन्या व्रणातून टाका घेताना वळलेल्या सुईची कमान उघडली, नवीन पाकीट फोडायचा कंटाळा म्हणून नीडल होल्डरने, म्हणजे सुई पकडायच्या चिमट्याने, परत वळवायला गेले आणि टक्कन तुटली. टोक कुठे गेलं कळेना, सगळे हातातलं काम सोडून शोधतायत, शेवटी गॉजच्या घडीत सापडलं. चूक माझीच होती म्हणा, वाकलेली सुई परत वळवायची नसते हे पहिल्याच वर्षी कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं.

तेव्हापासून ४५५ वर आलेय. ४२० ला कडकपणा कार्बनमुळे येतो, तापवून झटकन गार केलं की कडक होतं पण सोबत ठिसूळपणाही येतो. ४५५ हे मॅरेजिंग जातीचं, यात कार्बन ०.०५ टक्क्यांच्या आत, ताकद येते ती निकेल आणि टायटॅनियमच्या बारीक कणांमुळे, साधारण ४८० ते ५१० अंश सेल्सिअसला काही तास ठेवलं की ते आत तयार होतात.

गंमत म्हणजे हातात दोन्ही सुया सारख्याच लागतात. सुरुवातीची लवचिकता स्टील बदललं तरी जवळपास तेवढीच राहते, फरक पुढे कळतो, ४२० जिथे वाकून तशीच राहायची तिथे ही परत जागेवर येते. आणि वाकलीच तरी तुटत नाही, निदान माझ्या हातून अजून तरी नाही.

तक्रार एकच. स्टील भक्कम आहे म्हणून मी बारीक सुई घ्यायला लागले आणि तिथे फसले, कारण वाकण्याची ताकद व्यासाच्या घनावर जाते, १० टक्के बारीक केली की २७ टक्के ताकद गेली, मग कसलं ४५५ नि काय. शिवाय मागे दोऱ्याच्या जोडाजवळ पकडली तर कुठलीही सुई तिथेच मान टाकते, आत दोऱ्यासाठी पोकळ असते ना. मी साधारण मध्याच्या किंचित मागे पकडते.

तळव्याच्या जाड कातडीला मात्र आता परत जाडच घेते, आणि वाकली की सरळ शार्प्सच्या, म्हणजे वापरलेल्या टोकदार वस्तू टाकायच्या डब्यात.