उन्हाळ्यातला सराव: पहाटे की संध्याकाळी?

पहिली मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, आणि सराव नेमका उन्हाळ्यात. एका मैत्रिणीने विचारले, पहाटे उठू की कामावरून आल्यावर पळू?

तापमानात पहाट सरळ जिंकते. सूर्योदयाच्या सुमारास हवा सहसा सर्वांत थंड असते. संध्याकाळी ऊन उतरले तरी डांबर आणि भिंती साठवलेली उष्णता सोडत राहतात.

पण पहाटेची एक मेख आहे. सापेक्ष आर्द्रता साधारण तेव्हाच सर्वाधिक असते. घाम नुसता निथळतो, वाळत नाही. आणि तो वाळल्याशिवाय अंग निवत नाही. शिवाय अडीच-तीन तासांची धाव असेल तर शेवटचे, थकलेले किलोमीटर नेमके चढत्या उन्हात येतात. संध्याकाळी उलटे: सुरुवात तापलेली, शेवट सुसह्य. त्यामुळे घड्याळातला वेग विसरा, दम किती लागतोय ते बघा.

अंग संध्याकाळी मोकळे असते, हे खरेच. मात्र उशिरा जोरात पळाले की झोप लागायला वेळ लागू शकतो. (पहाटेचा गजर बंद करून पुन्हा झोपणाऱ्यांत मीही आहे.)

लांब धावा पहाटे, अंधारातच सुरू करा. वेगाचा छोटा सराव किंवा नोकरीमुळे पहाट जमत नसेल तर संध्याकाळ. शर्यतच उन्हात असेल, तर आधीचे १० ते १४ दिवस हलक्या धावा मुद्दाम उबेत करा, कारण शरीराला सवय व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. चक्कर किंवा शिरशिरी आली तर थांबा.