चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचा की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं?

नुसता नंबर बदललाय असं वाटत असेल आणि वय तिशीच्या आत, बाकी काही त्रास नाही, तर दुकानातला ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर काढायला शिकलेला माणूस, पुरतो. तिथे बहुतेक वेळा नंबर फुकट काढून देतात, अर्थात फ्रेम गळ्यात मारणारच ते. फक्त एवढं विचारा की तपासणारा माणूस शिकलेला आहे का, कारण बीऑप्टोम हा त्यासाठीचा काही वर्षांचा पदवी कोर्स असतो आणि काही ठिकाणी नुसतं कॉम्प्युटरवर हनुवटी टेकवून जो आकडा येतो तोच लिहून देतात.

डॉक्टर म्हणजे एमबीबीएस करून पुढे डोळ्यांच्याच विषयात एमएस, डीएनबी किंवा डीओएमएस झालेला. पाटीवर हे बघाच. फी जास्त, रांग मोठी, थेंब घातले की काही तास सगळं धुरकट दिसतं त्यामुळे गाडी चालवत जाऊ नका, पण ते थेंब घालून डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) बघतात ना तीच खरी तपासणी. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही, हे दुकानात कोण सांगणार? डायबेटिस असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासायचाच, दिसायला ठणठणीत असलं तरी. चाळिशीनंतर डोळ्यांचं प्रेशरही बघून घ्या.

आणि अचानक डोळ्यापुढे चमका, काळे ठिपके किंवा नजरेवर पडदा ओढल्यासारखं झालं तर दुकान-बिकान काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर.