मोफत मेंदू तपासणीचे ११,४०० रुपये

बाबा गेले आणि आईची झोप उडाली. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी सुरू केली, तीन महिन्यांत ती बरीच सावरली होती. तेवढ्यात इथे नागपुरात, मानेवाडा भागातल्या एका हॉलमध्ये 'मोफत मेंदू तपासणी शिबिर' लागलं. शेजारच्या काकू तिला घेऊन गेल्या. मी ऑफिसात होतो.

तिथे तिच्या हातात धातूची एक नळी दिली, नळीची वायर लॅपटॉपला. मिनिटभरात रंगीत कागद निघाला: 'सेरोटोनिन ३१ टक्के', समोर लाल पट्टी. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतलं, मनःस्थितीशी जोडलेलं एक रसायन. संध्याकाळी मी घरी आलो तर आई तो कागद मांडीवर घेऊन बसलेली. "डोक्यातलं रसायनच संपलं म्हने माझं." तिचा चेहरा मला पाहवला नाही.

पांढऱ्या कोटातल्या त्या माणसाने अर्धं खरं सांगितलं, म्हणूनच ती फसली. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल शरीराला तयार करता येत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. मेंदू त्यापासून सेरोटोनिन बनवतो, पुढे त्यापासूनच झोपेचं मेलाटोनिन बनतं. इथवर सगळं बरोबर. पण मेंदूतलं सेरोटोनिन तळहातावरून मोजता येत नाही. ते रक्त तपासूनही कळत नाही, कारण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही.

मग ते सेरोटोनिन भरून काढायला म्हणून तिच्या गळ्यात मारलेले पावडरचे तीन डबे, ११,४०० रुपये. डब्यामागची बारीक अक्षरं मी मोबाइलचा टॉर्च लावून वाचली: एका चमच्यात ट्रिप्टोफॅन १०० मिलिग्रॅम. एवढं तर मोठ्या पेलाभर दुधात असतं! वरण, शेंगदाणे, तीळ, अंडी यांतूनही ते मिळतंच. साठ किलोच्या माणसाची दिवसाची गरज साधारण २४० मिलिग्रॅम. दोन वेळ नीट जेवणाऱ्या घरात ती सहज भागते. शिवाय जास्त खाल्लं म्हणजे सगळं मेंदूत पोचलं असंही नाही. आत शिरायची वाट एकच, आणि इतर अमिनो आम्लंही त्याच वाटेवर गर्दी करून असतात.

पैशांचं दुःख आहेच. पण त्या माणसाने तिला सांगितलं, "मावशी, त्या गोळ्या आधी बंद करा, सवय लावतात." आईने मला न विचारता बंद केल्या. चौथ्या दिवशी तिला गरगरायला लागलं, हात थरथरत होते, रात्रभर ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. डॉक्टर म्हणाले, ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, हळूहळू कमी करावी लागते. आणि तिच्यासोबत ट्रिप्टोफॅनचा मोठा डोस घेतला तर सेरोटोनिन वाढून जिवावर बेतू शकतं. डब्यात ते कमी होतं हे आपलं नशीब.

आई आता पुन्हा गोळीवर आहे, झोपते. पावतीवरचा नंबर बंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे अजून आले नाहीत. डब्यावर चौदा आकडी परवाना नंबर होता, पण तो खाद्यपदार्थाचा. त्याने आजार बरा होतो असं सिद्ध होत नाही. तुमच्या भागात असं शिबिर लागलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच फोन करा, आणि ते कोणत्या गोळ्या घेतात तेही विचारून ठेवा.