दोन डायलचा एसी गेज सेट, आणि माझ्या गाडीचा न गेलेला गॅस

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, पाने घेऊन बोनेटखाली डोकं घालायची खाज आहे एवढंच. गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागला, गॅरेजवाल्याने बोनेटही नीट न उघडता "गॅस गेलाय" म्हणून गॅस भरून दिला, आणि दोन दिवसांत परत तेच, उलट आधीपेक्षा वाईट. तेव्हा वैतागून एसीतल्या गॅसचं प्रेशर मोजणारा हा गेज सेट मागवला. निळा डायल लो साइडचा (कॉम्प्रेसरकडे परत येणारा कमी प्रेशरचा गॅस), लाल हाय साइडचा (कॉम्प्रेसरने दाबून पुढे ढकललेला), आणि मधली पिवळी नळी गॅस भरायला किंवा व्हॅक्यूम पंप लावायला.

त्याआधी एक डायल बसवलेला छोटा गॅसचा डबा घेणार होतो, हिरव्या पट्ट्यात काटा आला की झालं म्हणे. बरं झालं नाही घेतला. तो डबा फक्त लो साइड दाखवतो, आणि नुसत्या लो साइडवरून काय बिघडलंय ते कळत नाही, माझ्या गाडीत तर अजिबात कळलं नसतं. शिवाय काही डब्यांत लीक बंद करणारं सीलंट असतं, ते सिस्टीममध्ये गेलं की पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅस जिथून बारीक होऊन थंड होतो ती अरुंद वाट) आणि गॅरेजचं गॅस काढायचं मशीन दोन्ही चोक करू शकतं.

सेट लावणं सोपं आहे. लो साइडचा पोर्ट बारीक आणि हाय साइडचा जाड, त्यामुळे उलटसुलट बसतच नाही. पण हा सेट आर-१३४ए या गॅसचा आहे, बऱ्याच नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस असतो त्याचे कपलर (पोर्टवर बसणारी नळीची टोकं) वेगळे, तेव्हा बोनेटखालचं स्टिकर वाचूनच मागवा. चष्मा आणि ग्लोव्ह्ज घाला, हा गॅस उणे २६ डिग्रीला उकळतो, बोटावर उडाला तर कातडी जळल्यासारखी होते. आणि लाल बाजूचा नॉब इंजिन चालू असताना उघडायचा नाही म्हणजे नाही.

आता मुद्द्याचं. इंजिन बंद असताना दोन्ही काटे ९५ पीएसआयच्या (प्रेशरचं माप) आसपास, बाहेर ३० डिग्री. डायलवरच तापमानाचं वर्तुळ छापलेलं आहे, त्याच्याशी बरोबर जुळलं. मला वाटलं चला, गॅस फुल आहे. इथे मी फसलो होतो, तुम्ही फसू नका, कारण सिस्टीममध्ये थोडा जरी द्रवरूपातला गॅस शिल्लक असेल तरी बंद गाडीत प्रेशर तेवढंच दिसतं, २०० ग्रॅम असो की ६०० ग्रॅम. त्यावरून फक्त एवढंच कळतं की सिस्टीम रिकामी नाही.

मग गाडी चालू केली, एसी फुल. लो साइड ५५ वर अडकलेली आणि लाल काटा चढतोय चढतोय, ३०० च्या पुढे गेला तसा घाबरून बंदच केली. साधारण लो २५ ते ४५ आणि हाय १५० ते २५० असायला हवी, बाहेरच्या उन्हाप्रमाणे मागेपुढे. गॅस कमी असता तर दोन्ही खाली आले असते. कॉम्प्रेसर ढेपाळला असता तर गाडी चालू असूनही दोन्ही काटे जवळजवळ एकाच आकड्यावर राहिले असते. दोन्ही वर म्हणजे बहुतेक कंडेन्सरची (गाडीच्या पुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) उष्णता बाहेर पडत नाहीये, नाहीतर गॅस जास्त झालाय. परत चालू करून कंडेन्सरवर बाटलीने पाणी ओतलं आणि लाल काटा सरसर २०० वर आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अरे, समोरचा पंखाच फिरत नाहीये! सिग्नलला गरम आणि रस्त्यावर वेगात असताना बरा, हे महिनाभर डोळ्यासमोर होतं.

फ्यूज चांगला, पंख्याचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) हॉर्नच्या सारख्याच रिलेशी अदलाबदल करून बघितला, तोही चांगला. मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट करंट दिला तरी ढिम्म, हळूच टोला मारला तर फिरायला लागली, म्हणजे ब्रश झिजलेले. मोटर बदलली.

तरी हवा १४ डिग्रीच, आणि लो ४८, हाय २६०. मग दुसऱ्या गॅरेजात मशीनवर गॅस काढून वजन केलं. (हवेत सोडू नका, बऱ्याच देशांत ते बेकायदाच आहे.) स्टिकरवर ४८० ग्रॅम आणि मशीनने काढला ६१०! गेलेला गॅस म्हणे. व्हॅक्यूम मारून (पंपाने आतली हवा काढून) मापाने ४८० भरला, आता लो ३५, हाय १९५ आणि डॅशबोर्डच्या जाळीतून ७ डिग्री.

हां, हा सेट सगळंच सांगत नाही. प्रेशर दोन्हीकडे ठीक आणि तरी हवा गरम, तर डॅशबोर्डमागची हीटरची झडप बघा, एकीकडे गार एकीकडे गरम किंवा आतून टकटक आवाज हे त्याचं लक्षण. लीक नेमका कुठे आहे तेही गेज दाखवत नाही, त्याला यूव्ही डाय (लीकच्या जागी चमकणारा रंग) आणि यूव्ही टॉर्चसारखं काहीतरी लागतं.

तक्रारी दोन. निळा कपलर काढताना दरवेळी फुस्स करून थोडा गॅस सोडतो, आतलं रबर वॉशर बदलल्यावर कमी झालं. आणि नळ्या आखूड आहेत, बोनेटच्या हुकला सेट टांगला की लाल नळी फॅनबेल्टच्या फार जवळ येते, मी दोरीने बाजूला बांधून ठेवतो. पाचपैकी चार स्टार, एक नळ्यांसाठी कापला.